दोन एकरांचे खत

डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असते. तेवढेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचे तर तीन पोती लागतात. त्या तीन पोत्यांबरोबर सोळा-साडेसोळा किलो गंधकही जमिनीत जाते, आणि सोयाबीन, भुईमूग यांसारख्या गळिताच्या पिकांना गंधकाची गरज मोठी असते. म्हणून मृदाशास्त्रज्ञ अशा पिकाला सुपर द्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही दोन एकरवाला शेतकरी दुकानात शिरल्यावर आधी विचारतो ते डीएपी आले का, हेच. तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर एक पोते घरी येते. तीन पोत्यांना टेम्पो लागतो. भुकटीचे सुपर ओल धरते आणि पाभरीच्या नळीत अडकते. डीएपीतून स्फुरदाबरोबर 9 किलो नत्रही मिळते, त्यामुळे पीक लवकर हिरवेगार दिसते आणि शेजाऱ्याच्या रानामागे पडल्याची धास्ती राहत नाही. त्यातून पेरणी उद्यावर आलेली असते आणि पैसे माल विकल्यावर द्यायचे असतात. दुकानात जे असेल आणि दुकानदार जे उधार देईल, त्यातूनच निवड करायची असते.

हे पुस्तक त्या निवडीविषयी आहे. खतांवर मराठीत कमी लिहिलेले नाही. कृषी विद्यापीठांच्या दैनंदिन्या, कृषी खात्याच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतली शेतीची पाने यांतून दर हंगामात सल्ला येतच असतो. पण यातले बहुतेक लेखन पिकापासून सुरू होते: अमुक पिकाला हेक्टरी अमुक किलो. शेतकऱ्याच्या घरातल्या पैशापासून, हाताशी असलेल्या माणसांपासून, जमीन कोणाच्या नावावर आहे इथपासून सुरू होणारे लेखन फार थोडे. लहान शेतकऱ्याचा खतवापर कुठे खरोखर चुकतो आणि कुठे तो बरोबर असूनही चुकीचा ठरवला जातो, हे या दुसऱ्या बाजूने पाहिल्याशिवाय कळणार नाही, अशी माझी खात्री आहे.

लहान शेतकरी म्हणजे किती लहान, हे आधी पाहू. 1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या वहितीखालच्या धारणक्षेत्राची सरासरी 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. राज्यातल्या दर पाच खातेदारांपैकी जवळजवळ चार जणांकडे आज दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन आहे. वाटण्या होत गेल्या, विहिरी वाटल्या गेल्या, बांध वाढले, बैल कमी झाले. त्या सरासरीखाली एकमेकांशी काहीच साम्य नसलेल्या जमिनी येतात. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी. तिथे पाऊस इतका की नत्र पाण्याबरोबर निघून जाते. घाटावरची काळी जमीन अग्निजन्य खडकाची, चुनखडीची, सामू आठच्या पुढे. तिच्यावर युरिया नुसता फेकला तर नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन हवेत जातो, दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, आणि जस्त व लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. पालाश मात्र या काळ्या जमिनीत बहुधा बऱ्यापैकी असते. माळावरच्या मुरमाड रानाची गोष्ट वेगळी: तिथे मूळ प्रश्न पाण्याचा, आणि ओल नसताना टाकलेले खत पिकाला काहीच देत नाही. एकाच गावात ओढ्याकाठचे रान आणि माळाचे रान यांना सारखे खत लागत नाही, हे गावातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. योजनांना मात्र ते पुन्हापुन्हा सांगावे लागते. 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक मातीचा नमुना घ्यायचे ठरले. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. दोन एकरवाल्याच्या हातात आलेल्या पत्रिकेतली माती त्यामुळे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या रानातली असते. कल्पना उत्तम होती. पण नमुन्याची चौकट ज्या मापाने आखली, त्या मापात लहान शेत बसत नव्हते.

पोते येण्याआधी खत कसे मिळत होते, याची आठवण आता दोन पिढ्या मागे गेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गावखत म्हणजे उकिरड्यातले खत: शेण, गोठ्यातला उष्टा कडबा, चुलीतली राख, घरातला केरकचरा. वैशाखात गाड्या भरून ते रानात न्यायचे, ढीग घालायचे आणि पाऊस दिसू लागला की विस्कटायचे. सगळ्या रानाला ते कधीच पुरत नव्हते, म्हणून पाळीपाळीने एकेका तुकड्याला द्यायचे. दिवाळीनंतर धनगर घाटावरून खाली उतरत, वाटेत ज्याच्या रानात मेंढरे बसवायची त्याच्याकडून धान्य किंवा पैसे घेत. रात्रभर बसलेल्या कळपाची लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरत असे. ना वाहतूक, ना विस्कटणे. मेंढरे बसवण्याची ही पद्धत अजून चालू आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. उसाला करंजी, एरंडी, भुईमुगाची पेंड दिली जाई. ताग पेरून फुलावर आला की गाडत. समुद्राकाठी माडाला मासळीचे खत घालत.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजत. झाडांची कवळ तोडून, त्यावर शेण, गवत, पालापाचोळा पसरून उन्हाळ्याच्या शेवटी जाळायचे आणि त्या राखेत रोपे करायची. इंग्रजांनी जंगले राखीव केली तेव्हा कवळ तोडण्यावर बंधने आली. 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांनी मांडलेल्या तक्रारींत राबाचा प्रश्न मोठा होता. त्याच सुमारास, 1883 मध्ये, महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा झाला. डोंगरावरच्या पालापाचोळ्याचे आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला वाहून न जाता शेतात मुरले पाहिजे, त्यासाठी सरकारने पलटणीतल्या शिपायांकडून आणि पोलिसांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे फुले त्यात सांगतात. गायरान आणि जंगल हातचे गेले की जनावर जाते, जनावर गेले की खत जाते, ही साखळी त्यांनी तेव्हाच दाखवली होती. जमिनीची सुपीकता ही सत्तेची आणि हक्काचीही बाब आहे, हे मराठीत इतक्या थेटपणे त्यांच्याआधी कुणी मांडल्याचे मला माहीत नाही.

या विषयाच्या अभ्यासाची रीतसर सुरुवात मात्र साहेबाच्या अहवालापासून मोजली जाते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 मध्ये हिंदुस्थानात आले आणि 1893 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इथला शेतकरी मागासलेला आहे हे गृहीत त्यांनी मान्य केले नाही. शेण गोवऱ्या लावून जाळले जाते ते सरपण मिळत नाही म्हणून, तेव्हा आधी सरपणाची सोय करा, असा त्यांचा सल्ला होता. पुढे 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा आणि शेण थरांनी रचून, पाणी आणि हवा यांचे प्रमाण राखून खत कुजवण्याची पद्धत बसवली. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले, वाड विसरले. आजच्या सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीचा एक पाया होळकरांच्या इंदुरात, एका मराठी नावाच्या माणसाच्या हातून घातला गेला, एवढे तरी मराठी वाचकाने जाणून घ्यावे.

दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतून आला. 1840 मध्ये जर्मनीच्या लीबिगने पीक हवेतून आणि मातीतून नेमके काय घेते याची रासायनिक मांडणी केली. 1843 मध्ये इंग्लंडात रोथॅमस्टेडचे दीर्घकालीन प्रयोग सुरू झाले, ते अजून चालू आहेत. 1909 मध्ये हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि 1913 मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे 1906 मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला सुपर फॉस्फेट बनू लागले, 1951 मध्ये सिंद्रीचा सरकारी कारखाना चालू झाला, आणि 1965 मध्ये मुंबईच्या तुर्भ्यात ट्रॉम्बेचा कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्याच्या ‘सुफला’ने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत मिश्रखत म्हणजे काय ते शिकवले, कित्येक घरांत आजही कुठल्याही दाणेदार मिश्रखताला सुफलाच म्हणतात.

पोते गावात स्थिरावले ते संकरित बियाण्याबरोबर. 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. गावरान ज्वारीला जास्त खत दिले की ताट उंच वाढून लोळते. बुटक्या संकरित वाणाला दिलेले खत कणसात उतरते. 1972 च्या दुष्काळानंतर ज्यांनी हा फरक डोळ्यांनी पाहिला, त्यांचा रासायनिक खतावरचा विश्वास पोथीतून आलेला नव्हता. पोटभर भाकरी मिळाल्याचा तो अनुभव होता. रासायनिक खताच्या टीकाकारांनी हे कधी विसरू नये, असे मला मनापासून वाटते. देशात 1951-52 साली सुमारे 66 हजार टन अन्नद्रव्ये खतांतून दिली जात होती. आज हा आकडा तीन कोटी टनांच्या आसपास आहे. उसाच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखाने आणि सोसायट्यांनी खत उधारीवर घरापर्यंत पोहोचवले. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद, 170 किलो पालाश अशी आहे. एवढे नत्र नुसत्या युरियातून द्यायचे तर 45 किलोची एकोणीस पोती लागतात. शेजारच्याच तालुक्यात रब्बी ज्वारीवाला एक पोते द्यायचे की नाही यावर आठवडाभर विचार करत असतो. राज्याची सरासरी काढली की हे दोघे एकाच आकड्यात विरघळून जातात.

कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे आणि ती खताच्या चर्चेत नेहमी मागे राहते. मांजरी आणि सोलापूर इथे 1920 आणि 1930 च्या दशकांत कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले, ना. वि. कानिटकरांनी 1944 मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. बांध, खोल मशागत, विरळ पेरणी आणि थोडे शेणखत असा तो एकत्र विचार होता. पुढे दोन चाड्यांची पाभर आली: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, म्हणजे खत ओलीत आणि बियाजवळ पडते. एवढ्या साध्या अवजाराने फेकून दिलेल्या खताच्या मानाने कितीतरी अधिक खत पिकाला लागू होते. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भात लागवड मांडली. तिच्यात युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. चिखलात नत्र टिकते, खत कमी लागते, उत्पन्न वाढते. तंत्राबद्दल शंका नाही. अडते ते आवणाच्या घाईत प्रत्येक चार चुडांत एक गोळी खोचणाऱ्या हातांपाशी. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर उक्ते लावणी घेतात आणि उक्त्यात गोळी खोचायला कुणी थांबत नाही. तंत्र चांगले असूनही का पसरत नाही, असे विचारणाऱ्याने आधी त्या चिखलात किती जण उभे आहेत, ते मोजावे.

आता सरकारी धोरणाकडे वळतो. 1977 पासून कारखान्याचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतला फरक सरकार भरून देऊ लागले. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणातून मुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रणात राहिला. 1 एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. परिणाम असा की युरियाचे 45 किलोचे पोते आज 266 रुपये 50 पैशांना आणि डीएपीचे 50 किलोचे पोते 1,350 रुपयांना मिळते. हे गणित पाहिले की नत्र जास्त आणि बाकी कमी का पडते, याचे उत्तर शोधायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. किंमतच तसे करायला सांगते. देशात चर्चिले जाणारे नत्र-स्फुरद-पालाशाचे 4:2:1 हे आदर्श गुणोत्तर मूळचे गहू-भाताच्या प्रयोगांतले आहे. तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस, ऊस घेणाऱ्या महाराष्ट्राला ते जसेच्या तसे लावून शेतकऱ्याला असंतुलित ठरवणे मला अन्यायाचे वाटते. असंतुलन आहेच, पण ते मोजायचे माप आपल्या पिकांचे हवे.

शिवाय अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. दुकानात अंगठा लागला, पावती निघाली की ते कंपनीला मिळते. 2018 पासून देशभर लागू झालेल्या या व्यवस्थेमुळे खत कुठे गेले याचा माग लागू लागला, हे खरेच. पण जून-जुलैत तुटवडा पडला की दुकानात युरियाच्या जोडीला नको असलेली बाटली किंवा विद्राव्य खताची पुडी घ्यावी लागते. गावोगावी याला लिंकिंग म्हणतात. मोठ्या बागायतदाराला त्याची झळ लागत नाही. दोन पोती घेणाऱ्याच्या बिलात मात्र ती बाटली निम्म्याने भर घालते. 2021 मध्ये जागतिक बाजारात डीएपी भडकले, 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने त्यात भर पडली, आणि 2022-23 चे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. आपले पालाश सगळे बाहेरून येते, स्फुरदाचा कच्चा माल मोरोक्को-जॉर्डनसारख्या देशांतून, युरियासाठी लागणारा वायू मोठ्या प्रमाणात आयातीचा. मानवत किंवा दिग्रसच्या दुकानातली टंचाई दूरच्या बंदरात सुरू झालेली असू शकते.

या सगळ्यावर उपाय काय, यावर विचारांच्या निरनिराळ्या शाखा आहेत आणि त्यांच्यात खरे मतभेद आहेत. एक शाखा माती परीक्षणाची. 1960 च्या दशकात राममूर्ती यांनी मातीतला साठा आणि हवे असलेले उत्पादन यांवरून खताची मात्रा काढण्याची समीकरणे रूढ केली. राहुरीसह आपल्या विद्यापीठांनी ती अनेक पिकांसाठी तयार केली आहेत. काम पक्के आहे. प्रयोगशाळेचा अहवाल पेरणीआधी हातात पडणे, ही त्यातली कच्ची बाजू. दुसरी शाखा एकात्मिक व्यवस्थापनाची: थोडे शेणखत, थोडे रासायनिक, जिवाणू संवर्धके, बांधावर गिरीपुष्प. आज सरकारी शिफारस साधारण हीच असते. तिसरी शाखा प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्याची. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने पानांवर पडणारे ऊन आणि रानात तयार होणारा काडीकचरा यांच्या हिशेबातून शेतीकडे पाहायला शिकवले, आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांनी ते प्रत्यक्षात आणले. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरट सोडून मागच्या पिकाची मुळे आणि तण जागेवरच कुजू देतात. सेंद्रिय कर्ब बाहेरून गाडीने आणायचा नसून रानातच तयार करायचा, हा त्यांचा मुद्दा आहे. मला लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात वाहतूक नाही.

अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती ही चौथी शाखा, आणि सगळ्यात जास्त वाद तिच्यावर आहे. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी असे एका एकराचे जीवामृत. त्यातले नत्र मोजले तर काही शे ग्रॅमच भरते, आणि पिकाला तर किलोंनी लागते. पण पाळेकरांच्या मांडणीत जीवामृत हे खत नव्हेच, जमिनीतल्या जिवाणूंसाठीचे ते विरजण आहे. मातीत साठा आहे, तो जिवाणू मोकळा करतात. स्फुरदापुरते यात तथ्य आहे, कारण काळ्या जमिनीत बांधलेले स्फुरद भरपूर असते. नत्राबाबत द्विदल पिके आणि आच्छादन यांची जोड नसेल तर हिशेब जुळत नाही, असे माझे मत आहे. तरी विदर्भातल्या कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला दुकानाची उधारी टाळण्याचा मार्ग कुणी दाखवला, म्हणून तो तिकडे वळला, हे समजून न घेता त्याची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. आणि शरद जोशी यांचा प्रश्न या सगळ्यांच्या बाहेरून येतो: शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारलेला भाव मिळाला असता, तर खताच्या अनुदानावर एवढी चर्चा करावी लागली असती का?

खताच्या सल्ल्यांत जमिनीचा मालक आणि कसणारा एकच धरला जातो. प्रत्यक्षात कितीतरी जमीन बटईने, अर्धेलीने, विदर्भात मक्त्याने एका हंगामासाठी किंवा वर्षासाठी दिली जाते. शेणखताचा परिणाम दोन-तीन हंगाम टिकतो. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नसलेला बटईदार ट्रॉलीभर शेणखत विकत घेऊन का टाकील? तो युरिया टाकतो, कारण युरियाचा परिणाम त्याच हंगामात वसूल होतो. मातीची आच असूनही त्याला तसे करावे लागते. करार लेखी नसल्यामुळे पीककर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून दुकानाची उधारी.

शेणाचेही तसेच. 2012 आणि 2019 च्या पशुगणनांमध्ये महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली. एका बैलजोडीच्या वर्षभराच्या शेणातून, सगळे गोळा झाले तर, ढोबळ मानाने तीनेक टन कुजलेले खत होते. हेक्टरी पाच टनांची साधी शिफारसही त्यात भागत नाही. आणि ते शेण उचलणे, उकिरड्यावर टाकणे, टोपलीने रानात विस्कटणे हे काम बहुतेक घरांत बाईचे. कपाशीच्या झाडाझाडाला मूठ-मूठ खत घालत ओळी पुऱ्या करणारीही तीच. खत किती, कधी, कोणते, हे मात्र दुकानात ठरते, आणि दुकानात पुरुष जातो. सातबारावर नाव नसलेल्या या बाईशी खताविषयी कुणी बोलत नाही, ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उणीव आहे असे मी मानतो.

हा विषय आत्ताच का? पावसात पडणारे मोठे खंड हे पहिले कारण. एकदम पडलेल्या शंभर मिलिमीटरनंतर दिलेले नत्र वाहून जाते आणि पुढे तीन आठवडे पाऊस नसला तर दुसरा हप्ता देण्यात अर्थ उरत नाही. हप्ता पुढे ढकलण्याची, गाळण्याची मोकळीक शेतकऱ्याला हवी, आणि सल्ला तारखेऐवजी ओलीवर बांधलेला हवा. दुसरे, कोरडवाहू जमिनींतला सेंद्रिय कर्ब अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. अशा जमिनीत खताला पिकाचा प्रतिसादच मंदावतो, म्हणून मात्रा वाढत जाते. तिसरे, विदर्भ-मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट मर्यादेबाहेर सापडते. त्यात खताबरोबर गोठ्यांचा आणि सांडपाण्याचाही वाटा आहे. पण पाणी पिणारे लोक तेच आहेत. आणि बाजारात रोज नवे काहीतरी येते आहे. 2021 मध्ये आलेल्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुरुवातीला 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम नत्र होते. युरियाच्या पोत्यात 20.7 किलो असते. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकते की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. शेतकऱ्याला मात्र या हंगामात पैसे द्यायचे आहेत.

या संग्रहात मृदाशास्त्रज्ञ, शेतकरी, बटईदार, खत दुकानदार आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक यांनी लिहिले आहे. त्यांचे एकमत करण्याचा प्रयत्न केलेला नाही. नैसर्गिक शेतीवाला आणि माती परीक्षणवाला एकाच पुस्तकात आपापल्या हिशेबासह उभे आहेत. वाचकाने दोघांचेही आकडे तपासावेत. द्राक्ष, डाळिंब, हरितगृह मुद्दाम बाजूला ठेवले. त्या बागायतदारांना सल्लागार परवडतो, ठिबकातून विद्राव्य खत देता येते, आणि त्यांच्यासाठी लेखन पुष्कळ आहे. इथे भर आहे तो ज्वारी, तूर, सोयाबीन, कोरडवाहू कापूस आणि भात घेणाऱ्या दोन-चार एकरांवर. जिथे अभ्यासाचे आकडे तोकडे आहेत तिथे लेखकांनी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वह्यांतल्या नोंदींचा आधार घेतला आहे, आणि तसे त्या त्या जागी म्हटले आहे.

मापे ठरवताना बराच खल झाला. शिफारशी हेक्टरी किलोत असतात, पण गावात हिशेब एकर, गुंठा, गाडी, ट्रॉली आणि पोते यांत चालतो. शेवटी पुस्तकभर एकर आणि पोते ही मापे ठेवली. मूळ शिफारस उद्धृत करावी लागली तिथेच हेक्टर आणि किलो येतात. नव्या वाचकाने सुरुवातीला एवढे ध्यानात धरले तरी पुरे: हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, युरियाच्या पोत्यात जवळजवळ 21 किलो नत्र, सुपरच्या पोत्यात 8 किलो स्फुरद, आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात पाचेक किलो नत्र, दोन-अडीच किलो स्फुरद आणि पाचेक किलो पालाश.